चमचाभर प्याला

३ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात खुशालीपेक्षा टोमणेच जास्त होते, तेव्हा तुझी तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. लग्नानंतर मी सासरच्यांच्या अँग्लिकन देवळात जायला लागलो म्हणून तू मला 'मेणबत्तीवाले' म्हणतेस, हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली की ताईंना कळवा, आमच्या मेणबत्त्या निदान प्रवचन संपेपर्यंत जाग्या असतात, तुमच्या बॅप्टिस्ट मंडळीत दाजी तर पहिल्या गीतालाच घोरायला लागतात. मी मध्ये पडलो नाही.

सासूबाईंचं मात्र काही खरं दिसत नाही. घशाचं दुखणं वाढत चाललं आहे. घट्ट काही उतरत नाही, पातळ द्यायचं तेही चमच्याने. डॉक्टरांनी आता आम्हालाच धीर द्यायला सुरुवात केली आहे, त्यावरून काय ते समज. दुखण्याहून त्यांना भीतीनेच पोखरलं आहे. खोलीचं दार लावू देत नाहीत. आपण गेल्यावर पलीकडे कोण भेटेल, कोणी नसलंच तर काय, असं सासऱ्यांना विचारत राहतात आणि त्यांचा हात सोडत नाहीत. सासरे पुस्तकांचे बाइंडर, एरवी शब्दाला महाग माणूस. ते नुसतं हो हो करतात.

सासूबाईंची एकच इच्छा आहे. सगळ्या घराने त्यांच्या खाटेपाशी एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावं. त्यासाठी मला आधी रीतसर त्यांच्यात यावं लागेल. आपल्याकडे कळत्या वयात पाण्यात बुडवून बाहेर काढलं की झालं. यांच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात आणि पुढे ते मोठं झालं की बिशप येऊन डोक्यावर हात ठेवतात, त्याला दृढीकरण म्हणतात. माझं ते व्हायचं होतं म्हणून इतके दिवस मी मागच्या बाकावर सुखाने बसून होतो. आता बिशप या महिन्यात येणार आहेत.

ताई, मला भीती वाटते. आपल्याकडे तू उकळून गाळलेला द्राक्षरस, तोही अंगठ्याएवढ्या पेल्यात, बसल्या जागी हातात येतो. इथे गुडघे टेकायचे, भाकर घेऊन झाली की एकच चांदीचा प्याला ओठाला लावायचा, आणि त्यात खरी वाइन असते. आपण रस घेतो तो प्रभूची आठवण म्हणून. यांच्या लेखी प्रार्थना झाली की प्याल्यात प्रभूचं रक्तच असतं. म्हणून उरलेलं टाकायचं नाही, ओतायचं नाही. फादरांनी आणि ते ज्याला बोलावतील त्याने तिथेच संपवायचं.

मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये नवव्या मजल्यावर पट्ट्याला लटकून ब्रेक बदलतो, तेव्हा माझा हात हलत नाही. परवा देवळामागच्या खोलीत कपाटाची बिजागरी बसवत होतो. आत वाइनची बाटली होती, बूच बंद. तरी मला वास आला, किंवा आला असं वाटलं. कपाट तसंच उघडं टाकून मी बाहेर येऊन उभा राहिलो, तोंडाला पाणी सुटलं होतं. एक घोट माझ्यासाठी एक घोट नसतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? हिला सगळं ठाऊक आहे. सासऱ्यांना नाही. पिणाऱ्या माणसाला ते दुकानाची पायरी चढू देत नाहीत, म्हणून आईच्या आजारपणात हे काढू नका असं हिनेच बजावलं आहे. आणि प्याला टाळून नुसती भाकर खावी तर आपल्या पाळकांनी लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं आहे की अर्धं प्रभुभोजन म्हणजे प्रभूचा अपमान.

काय करू ते कळव. दाजींना सलाम. माझ्यावरचा राग संपला असेल तर उरलेला लोभ पाठव.

तुझा,
धाकटा

*

१० जुलै

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशिनवरचं ब्लाउज तसंच राहिलं. सुई कापडात आणि मी खुर्चीत. दाजींनी विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, अजून कोणी नाही.

तुझ्या मेणबत्त्या, गुडघे, पुस्तकात बघून म्हटलेल्या प्रार्थना, सगळ्यावर मी हसले, कारण त्याने तुझं काही बिघडत नव्हतं. देवाला पाठांतर आवडत असेल तर ऐकेल बापडा. पण प्याल्याचं वाचून माझं हसू गेलं. जिन्यात पालथा पडलेला तू मला अजून दिसतोस. शर्टाची बटणं तुटलेली, आणि तुला वर न्यायला दाजी आणि मी, दोघंही धापा टाकत. त्या दिवसांत फोन वाजला की मी आधी बसून घ्यायची, मग उचलायची. ते दिवस मला परत नकोत. तू त्यांचा झालास तरी चालेल, त्या बाटलीचा परत होऊ नकोस.

सासऱ्यांना सांगून टाक असं मी म्हणणार होते. पण घरात आजारी माणूस असताना तुझ्या बायकोचा शब्द मोडायला मी कोण? तेव्हा ऐक. दाजींचे एक मित्र कामासाठी तिकडे येताहेत, त्यांच्याबरोबर माझ्या हातच्या रसाची बाटली पाठवते. प्रभुभोजनाला करते तोच, काळी द्राक्षं उकळून, फडक्यातून दोनदा गाळून. रंगात कोणाला फरक कळायचा नाही. त्या कपाटाची बिजागरी तुझ्याच हाती आहे ना? आजारी बाईच्या खाटेपाशी त्या प्याल्यात हा रस गेला तर कोणाचं काय बिघडणार आहे? शेवटी आठवणच तर करायची. वाइनने केलेली आठवण जास्त दिवस टिकते असं थोडंच आहे.

हे करच असं मी म्हणत नाही. पण बाटली जवळ असू दे. मला झोप लागायला तेवढं पुरे.

तुझ्या सासूबाईंसाठी आमच्या मंडळीत प्रार्थना चालू आहे, न वाचता. लोभ कुठे जातोय, तो आहेच.

तुझी,
ताई

*

२५ जुलै

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

बाटली पोचली. हत्यारांच्या पेटीत, ग्रीसच्या डब्यामागे ठेवली आहे.

दृढीकरण झालं. बिशपांचा हात जड होता आणि गरम. त्यानंतर वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकून बसलो, भाकर घेतली, आणि प्याला माझ्या बाजूच्या माणसापाशी आला तेव्हा माझ्या कानांत नुसती घरघर. मी ओठ घट्ट मिटून प्याला तोंडाला लावल्यासारखं केलं. पण वाइन मिशीला लागली. बाहेर येऊन रुमालाने पुसली, नळावर धुतली, साबण लावला. तरी दुसऱ्या दिवशी शाफ्टमध्ये उतरलो तर तो वास माझ्याबरोबर उतरला. हातातला पाना सुटून खाली पडला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. मी साथीदाराला पोटाचं कारण सांगून वर आलो आणि मशीनरूममध्ये दाराला पाठ लावून बसून राहिलो. घरी जाताना वाटेत जे दारूचं दुकान लागतं, ते टाळायला मी लांबचा रस्ता घेतला. कितीतरी दिवसांनी मला तो रस्ता घ्यावा लागला, ताई.

आता पुढचं. येत्या गुरुवारी फादर घरी येणार. दुपारची वेळ ठरली आहे, कारण सासूबाई तेव्हा जरा सावध असतात. फादरांबरोबर लहान पेटी असते, त्यात प्याला, ताटली आणि वाइनची छोटी कुपी. सासरे देवळात फादरांचे मदतनीस, म्हणून ती पेटी भरून आणायची आणि उरलेलं संपवायचं काम त्यांचं. पण त्या दिवशी त्यांना छापखान्यातलं निकडीचं काम आलं आहे, ते थांबू शकत नाहीत, आणि सासूबाईंची अवस्था बघता दिवस पुढे ढकलायलाही तयार नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की माझ्या जागी तुम्हीच. मोठा मान दिला त्यांनी. सख्ख्या मुलाला द्यावा तसा दिला. मी हो म्हणून बसलो.

खाटेपाशी चारच माणसं असणार. तिथे ओठ मिटून भागायचं नाही, आणि उरलेला प्याला तर मलाच रिकामा करायचा आहे.

मी ग्रीसच्या डब्याकडे बघत बसलो आहे. तू काही लिही.

तुझा,
धाकटा

*

१ ऑगस्ट

ती. ताईस,
सलाम.

तुझ्या उत्तराची वाट बघत थांबता आलं नाही. मी ते केलं.

कुपीत तुझा रस भरला. फादरांना सर्दी, नाक चोंदलेलं. त्यांनी प्रार्थना म्हटली, एक घोट घेतला आणि त्यांना काही कळलं नाही. सासूबाईंच्या जिभेवर भाकरीचा कण ठेवायला गेले तर त्यांना ठसका लागला, म्हणून भाकर राहिली. फादर म्हणाले की हरकत नाही, नुसता प्याला पुरे. चमच्यात थोडंसं घेऊन त्यांच्या ओठांत सोडलं. सासूबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ गिळलंच नाही, तोंडात धरून ठेवलं. मग हिने घेतलं. घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ताई, बायको नवऱ्याकडे कशीही बघते, पण तसं हिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. उरलेला प्याला मी बिनघोर पिऊन टाकला. गोड लागला.

फादर गेल्यावर ही मला गच्चीवर घेऊन गेली आणि रडली. ती म्हणाली की तुम्ही वाचलात याचा मला आनंदच आहे, पण माझ्या आईला तुम्ही काय दिलंत? त्यांच्या शिकवणीप्रमाणे वाइन नसेल तर ते प्रभुभोजनच नाही. भाकर पोटात गेली असती तरी एक वेळ भागलं असतं, पण तीही गेली नाही. म्हणजे हिच्या आईला काहीच मिळालेलं नाही. आणि हे त्यांना बहुतेक शेवटचं.

मी म्हणालो की देव बघतो तो मनाकडे. तर ती म्हणाली की मग तुम्ही आईच्या मनाला विचारलंत का.

सासरे संध्याकाळी आले. सगळं नीट झालं का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. ते सासूबाईंपाशी बसले, मग बाहेर येऊन म्हणाले की आता प्रभूने हिला कधीही नेलं तरी माझी तक्रार नाही. मला तिथे उभं राहवेना. सासूबाई त्या दिवसापासून शांत आहेत, दार लावलं तरी काही म्हणत नाहीत, आणि त्या शांतपणाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. फसवून दिलेल्या गोष्टीवर त्या निश्चिंत झाल्या आहेत.

प्याल्याला घाबरत होतो तोवर बरं होतं.

धाकटा

*

६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच आणि मग काय घाबरायचं ते घाबर. तू प्यायला नाहीस. माझ्या दृष्टीने यात सगळं आलं.

आता दुसरं. हे कोणाला अजिबात सांगू नकोस. देव काय दारात तराजू घेऊन बसला आहे, कोणी रस आणला आणि कोणी वाइन? एका आजारी बाईने प्रभूचं नाव घेऊन चमचाभर काहीतरी घेतलं आणि तिचा जीव शांत झाला. आता तू जाऊन तिची शांती हिसकावून घेणार? सासरे तुला घराबाहेर काढतील. तू बाहेर पडलास की कुठे जाशील ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. तुझी बायको आज रडते आहे, उद्या थांबेल. तोंड शिवून बस. दोष द्यायचा तर मला दे, युक्ती माझी होती.

दाजी तुला चहाला बोलावताहेत. म्हणताहेत की इकडे आलास की मिळून प्रवचनात घोरू.

लोभ आहे, भरपूर आहे.

तुझी,
ताई

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढलं. आज आमच्याकडे प्रभुभोजन होतं. पेले भरताना माझा हात थांबला. मनात आलं, कोणी माझ्या मरणाच्या वेळी या पेल्यात गुपचूप त्यांची वाइन ओतली आणि वर म्हणालं की हिला काय कळतंय, तर? मला त्या माणसाचं तोंड बघवलं नसतं. ते विष नसतं, पाप नसतं, पण माझं नसतं. मी इतकी वर्षं त्यांच्या प्याल्याला हसले, पण तो त्यांचा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वरचं सगळं खोडायला पाहिजे, पण मला परत लिहायचं बळ नाही. तू सांग. ती बाई जायच्या आत सासऱ्यांना सांग. आणि सांगितल्यावर दारूच्या दुकानाकडे न जाता सरळ माझ्याकडे ये. मला फार भीती वाटते आहे रे.

*

११ ऑगस्ट

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

तुझ्या पत्राचा वरचा भाग वाचून मी सुटलो असं वाटलं होतं. खालचा वाचला आणि चप्पल घातली.

सासरे दुकानात पुठ्ठ्याला खळ लावत होते. मी आधी दारूचं सांगितलं, मग रसाचं. उलट सांगितलं असतं तर मध्येच थांबलो असतो. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. तो हातातच होता, आणि त्यावरची खळ त्यांच्या बुटावर टपकत होती. त्यांनी एकच विचारलं की भाकर खरंच गेली नव्हती का. मी म्हणालो, नाही गेली. ते तसेच, एप्रनसकट, रस्त्यावर उतरले आणि देवळाच्या दिशेने चालू लागले. म्हातारा माणूस, जवळजवळ पळतच होता.

मी मागे जाऊ की नको ते कळेना. दुकान उघडं टाकता येत नव्हतं, म्हणून तिथेच बसलो आहे आणि त्यांच्याच कागदावर हे लिहितो आहे. हिला निरोप पाठवला आहे. ते परत येऊन काय म्हणतील याची भीती वाटते. सासूबाई तोवर असतील की नाही, याची त्याहून जास्त. समोरच्या रांगेत एक बार आहे, इतके दिवस मला दिसला नव्हता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आहे.

ते येईपर्यंत मी इथून उठणार नाही एवढं तुला कबूल करतो.

धाकटा

*

१७ ऑगस्ट

विहीणबाईंस,
सलाम, वि. वि.

आपल्याला मी पूर्वी कधी पत्र लिहिलं नाही. मोठ्या बहिणीने आईच्या जागी राहून भाऊ वाढवला असेल तर तिलाच विहीण म्हणावं, अशा हिशेबाने वरचा मायना घातला आहे.

आपला भाऊ बरा आहे. प्यायलेला नाही. आज कामावर गेला. हे आधी लिहितो, म्हणजे आपला जीव भांड्यात पडेल आणि पुढचं नीट वाचता येईल.

आपण दोघांनी जे केलंत ते मला फार लागलं आहे. माफ केलं असं अजून लिहिता येत नाही. ज्या दिवशी खरंच वाटेल त्या दिवशी लिहीन, उगाच आधी लिहून ठेवणार नाही. पण एक चूक माझ्या पदरातही आहे. ज्याला प्याला चालत नाही त्याने नुसती भाकर घ्यावी, त्यात सगळं आलं, असं आमच्या मंडळीत फार पूर्वीपासून आहे. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही, कारण त्याला भीती माझी होती. जावयाने मला इतकं घाबरावं असा मी आहे, हे मला माहीत नव्हतं. यापुढे कठड्याशी तो माझ्या शेजारी बसेल. भाकर घेऊन झाली की प्याला त्याच्यावरून माझ्याकडे येईल.

आता मुख्य मजकूर. मी फादरांना घेऊन आलो. ते वाटेत सांगत होते की आजारी माणसाने मनापासून इच्छा केली असेल तर त्याला मिळाल्यासारखंच आहे, आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातही तसं आहे. मला ते पटतं. पण घरातलं माणूस निघालेलं असताना पटण्यावर भागत नाही, म्हणून मी त्यांना थांबू दिलं नाही. खरी वाइन आणली, प्रार्थना झाली, चमचा हिच्या ओठांत सोडला. हिने तोंड वाकडं केलं. गिळलं, पण डोळे उघडे राहिले. आपल्या भावाने हे दाराबाहेरून पाहिलं, मी त्याला आत बोलावलं होतं, तो आला नाही.

फादर गेल्यावर हिने मला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला आहे, कान ओठांशी न्यावा लागतो. ती म्हणाली की आयुष्यभर प्याला जिभेला तुरट लागायचा, त्या गुरुवारी मात्र गोड लागला. तिला वाटलं की आता जवळ आलं, म्हणून प्रभूने चव बदलून दिली, आधीच थोडं चाखू दिलं. त्या दिवसापासून तिला कशाचीच भीती राहिली नव्हती. आणि मग तिने मला विचारलं की आज तो परत तुरट का झाला, माझ्या हातून काय चुकलं.

विहीणबाई, मी पुठ्ठे बांधणारा माणूस. याचं उत्तर मला येत नाही. तो रस होता असं सांगितलं तर त्या गुरुवारचं सगळं खोटं ठरतं, आणि न सांगावं तर ती स्वतःला दोष देत जाते. दार पुन्हा उघडं ठेवावं लागतं. माझा हात तिने धरला आहे तो सुटत नाही, हे पत्र मी कागद न धरता एकाच हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नये.

माझा विश्वास बदललेला नाही. आपला रस तो रस, आमचा प्याला तो प्याला, यात मी मरेपर्यंत फरक करीन. तरी मागतो. त्या रसाची एक बाटली आणखी पाठवा. आपल्या भावाकडची संपली, मी त्याची हत्यारांची पेटी उघडून पाहिली. मी तो प्याल्यात ओतणार नाही, त्यावर प्रार्थना म्हणणार नाही. साध्या पेल्यातून, घरातल्या चमच्याने देईन. तिला काय वाटायचं ते वाटू दे, मी विचारणार नाही आणि तिने विचारलं तर गप्प बसेन.

पोस्टाने पाठवू नका, वेळ लागतो. कोणाच्या तरी हाती द्या, नाहीतर आपणच या. ती घाबरली आहे.

लोभ मागण्याइतका माझा राग अजून उतरलेला नाही. आपल्याकडे असेल तर तो बाटलीबरोबर आणावा.

आपला,
बाइंडर व्याही